परागंदा ठरविलेल्या बागेस हयातीचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. उद्यान व मोकळ्या जागा अधिकारी साहेब,
नगर कार्यालय, दुसरा मजला,
जिना चढून उजवीकडे, पाण्याच्या रिकाम्या पिंपाशेजारी.

अर्जदार: पाणीपुरवठा विभागातील निवृत्त पंपचालक, राहणार कर्मचारी वसाहत, इमारत तिसरी, तळमजला.

विषय: वसाहतीमागील बाग जिवंत असूनही आपल्या दप्तरी प्रथम परागंदा व नंतर मयत दाखविली गेल्याबद्दल, आणि येत्या सोमवारी तिच्यावर बसविण्यात येणाऱ्या सिमेंटच्या ठोकळ्यांबद्दल.

संदर्भ: १) अर्जदाराचा दि. २८ सप्टेंबरचा अर्ज, ज्यात एक शब्द चुकला.
२) आपले दि. ९ ऑक्टोबरचे पत्र, ज्यात एकही शब्द चुकलेला नाही, फक्त अर्थ चुकला आहे.
३) जागेवरील खांबास चिकटविलेली दि. २० ऑक्टोबरची नोटीस.
४) ‘प्रकरण बंद’ हा शिक्का, दि. २८ ऑक्टोबर.

महोदय,

प्रस्तुत अर्जात सर्वप्रथम सदर बागेचा जन्म, तदनंतर अर्जदाराच्या हातून घडलेली शब्दचूक, तदनंतर त्या चुकीस आपल्या कार्यालयाने दिलेला मान, आणि सरतेशेवटी एक लहानशी प्रार्थना, याच क्रमाने सर्व हकीकत मांडण्यात येईल, याची संबंधितांनी नोंद घ्यावी. अर्जदाराचे शिक्षण इयत्ता सातवीपर्यंत झालेले असून उर्वरित शिक्षण पंपघरात, जुन्या वर्तमानपत्रांच्या साहाय्याने पार पडले आहे. तरी भाषेत कोठे उणे आढळल्यास ते अर्जदाराचे समजावे. न्यायात उणे आढळल्यास ते कोणाचे समजावे, हे ठरविण्याचा अधिकार सर्वस्वी आपला आहे.

१. सदर जागा वसाहतीच्या तिसऱ्या इमारतीमागे असून लांबी बावीस पावले व रुंदी चौदा पावले भरते. ही पावले अर्जदाराची आहेत; कार्यालयाची पावले तेथे त्या काळी पडलेली नव्हती. या जागेवर पूर्वी हिरवळ होती. अर्जदार पंपचालक असल्याने ती किती पाणी पिते हे त्यास चांगलेच ठाऊक होते: सकाळी पाऊण तास, सायंकाळी पाऊण तास, आणि त्याच वेळी चौथ्या मजल्यावरील बिऱ्हाडांना मात्र बादलीभर. चार वर्षांपूर्वी पाणीकपात झाली आणि हिरवळीने आठ दिवसांत मान टाकली. ही दुःखद वार्ता कार्यालयास अद्याप पोहोचलेली नसावी. कारण आपल्या नोंदवहीत ती हिरवळ आजही हयात आहे, तिला पाणी दिल्याच्या सह्या दर आठवड्यास होत आहेत, आणि मागील वर्षी तिची दोनदा कापणीही झाली आहे. जे कार्यालय मेलेल्या गवताला चार वर्षे जिवंत ठेवू शकते, ते जिवंत बागेला एका दुपारीत मारू शकते, हे अर्जदारास तेव्हा उमगले नाही. उमगावयास हवे होते.

२. पंपघराकडून घरी येण्याच्या वाटेवर, जेथे आता रुंद रस्ता झाला आहे, खुळखुळ्याची रानटी झाडे उभी असत. हे शेंगेच्या जातीचे झाड. उंची कमरेएवढी, फुले पिवळी, आणि वाळलेली शेंग हलविली की आत दाणे खुळखुळतात, म्हणून हे नाव. हे याच मातीचे लेकरू आहे. त्यास कोणी लावले नाही, कोणी शिंपले नाही; उन्हाने बाकी सारे करपले असता ते मात्र खुशाल फुललेले असे. तेहतीस वर्षे दुसऱ्यांना पाणी चढवून दमलेल्या मनुष्यास असे पाण्यावाचून हसणारे झाड पाहून काय वाटत असेल, हे साहेबांच्या कल्पनेवर सोडतो. निवृत्तीच्या महिन्यात अर्जदाराने तेथून दोन मुठी बी आणले. पुढच्याच महिन्यात रस्तारुंदीचे यंत्र आले आणि ती झाडे गेली. अर्जदाराने त्यानंतर सायकलवरून सर्व नाले, सर्व बांध व कचरा टाकण्याच्या सर्व जागा धुंडाळल्या. खुळखुळा कोठेही नाही. म्हणजे त्या दोन मुठी हेच या परिसरातील शेवटचे बी होय. या वाक्याखाली अर्जदाराने रेघ मारली आहे. कार्यालयाने तिच्याखाली आणखी एक मारावी, कारण पुढील सर्व गाऱ्हाणे याच वाक्यावर उभे आहे.

३. बी रुजविण्यात दोन वर्षे वाया गेली, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो. पहिल्या वर्षी अर्जदाराने एक मूठ बी पेरले व वाट पाहिली. चार महिने वाट पाहण्याचा सराव आपल्या कार्यालयाच्या कृपेने होताच. एकही कोंब आला नाही. तेव्हा रोपवाटिकेतील माळीबुवांनी बी तळहातावर घेऊन, दाताखाली धरून पाहिले आणि म्हणाले, ‘‘काका, हे बी आहे का खडा? याला नुसतं पाणी दाखवून भागत नाही. आधी घासा, मग ते तुमचं ऐकेल.’’ त्यानुसार दुसऱ्या वर्षी अर्धी मूठ बी काचपेपरवर हलक्या हाताने घासून, रात्रभर पाण्यात भिजवून पिशव्यांत लावले. रोपे अशी तरारून आली की अर्जदाराने शेजाऱ्यांना बोलावून दाखविली. ती पिशवीतून काढून जमिनीत लावली आणि आठवड्यात एकूण एक मेली. कारण या झाडाचे सोटमूळ सरळ खाली उतरते, हातभर, दोन हात, आणि एकदा का ते जागेवर बसले की त्यास हलविता येत नाही. (हा गुण काही खुर्च्यांतही आढळतो, परंतु तेथे त्याचा फुलांशी संबंध नसतो.)

तिसऱ्या वर्षी, म्हणजे यंदा, उरलेले सर्व बी घासून, भिजवून थेट जमिनीत पेरले. पहिल्या महिन्यात दोन वेळा तांब्याने पाणी दिले; पुढे एक थेंबही नाही. खत दिले नाही. खत दिल्यास हे झाड नुसता पाला माजविते व फुलणे विसरते, असे माळीबुवांचे मत पडले. शिवाय त्यास खताची गरजही नसते. त्याच्या मुळांवर बारीक गाठी असतात आणि त्या हवेतूनच त्याचे अन्न बांधून देतात. सारांश, हे झाड कोणाकडे पाणी मागत नाही, खत मागत नाही, अनुदान मागत नाही, मुदतवाढ मागत नाही. त्यामुळेच कार्यालयास त्याचे अस्तित्व पटत नसावे. अशी बेचाळीस झाडे उभी राहिली. घरी आता एकही बी शिल्लक नाही. डबा उपडा करून, तळाशी थापट्या मारून पाहिला आहे.

४. सप्टेंबरात बाग फुलली. खुळखुळ्याचे फूल मिटलेल्या पाकळ्यांचे असते आणि हलक्यासलक्या माशीला ते दाद देत नाही. त्यावर काळाभोर भुंगा येऊन, आपला सर्व भार टाकून बसला, म्हणजेच ते उघडते. वजन ठेवल्यावाचून न उघडणारी आणखी एक वस्तू अर्जदाराच्या पाहण्यात आहे, परंतु हा अर्ज वनस्पतीविषयी असल्याने तिचा उल्लेख येथे अप्रस्तुत ठरेल. भुंग्यांमागोमाग मधमाश्या आल्या, फुलपाखरे आली. ती तर फुले सोडून वाळक्या फांद्यांनाच चिकटून बसत. शेजारच्या परिचारिका बाईंच्या कुंड्यांतील वांग्यांची फुले दोन वर्षे नुसती गळून पडत होती. यंदा त्यांना वांगी धरली. बाई कामावरून आल्या, झाडापुढे बसल्या, आणि एकेक वांगे बोटाने मोजू लागल्या. अर्जदाराची पत्नी तोवर या उद्योगास ‘‘नोकरीभर पाणी चढवलंत, आता म्हातारपणी तण वाढवा’’ असे म्हणत असे. वांगी पाहिल्यावर तिने ‘तण’ हा शब्द मागे घेतला. कार्यालयाप्रमाणे लेखी नव्हे, तोंडी, पण घेतला.

५. येथवर सर्व ठीक होते. मग अर्जदारास दुर्बुद्धी झाली आणि त्याने कार्यालयास कळविण्याचे ठरविले.

हेतू शुद्ध होता. नोंदवहीत जी सही मेलेल्या हिरवळीच्या नावे होते ती जिवंत बागेच्या नावे व्हावी, एवढेच मागणे होते. परिचारिका बाई म्हणाल्या, ‘‘काका, याला परागण उद्यान म्हणतात. अर्जात तसंच लिहा.’’ परंतु ‘परागण’ हा शब्द अर्जदारास फारच आखूड वाटला. साहेबांना लिहावयाचे, तर शब्दाला काही उंची हवी, शेवटाला काही वजन हवे. वर्तमानपत्रात ‘परागंदा’ हा शब्द अर्जदाराने अनेकदा वाचला होता. तो नेहमी बड्या माणसांच्या बातमीत येई, पहिल्या पानावर येई, छायाचित्रासह येई. सबब पराग, परागण, परागंदा अशी ती चढती भाजणी असावी, असे अर्जदार धरून चालला. पत्नीने शंका काढली, ‘‘अहो, बाईंनी सांगितलाय तोच शब्द लिहा ना. लहान शब्दानं तुमचं पोटच भरत नाही.’’ अर्जदाराने लक्ष दिले नाही व ठळक अक्षरांत लिहिले: ‘वसाहतीमागे अर्जदाराने मोठ्या कष्टाने परागंदा उद्यान केले असून आपण एकवार येऊन पाहावे.’

परागंदा म्हणजे पळून गेलेला, ठावठिकाणा नसलेला, हे अर्जदारास आपल्या दि. ९ ऑक्टोबरच्या पत्रावरून कळले. त्या ज्ञानदानाबद्दल अर्जदार ऋणी आहे. चूक शंभर टक्के अर्जदाराची आहे, ती तो नाकारीत नाही. मात्र ‘एकवार येऊन पाहावे’ हेही त्याच वाक्यात, तेवढ्याच ठळक अक्षरांत होते. आवक विभागात वाक्य जेमतेम मध्यापर्यंत वाचण्याची पद्धत असावी.

६. आपले पत्र अर्जदाराने जपून ठेविले आहे, कारण असे पत्र मनुष्यास आयुष्यात एकदाच येते. त्यात म्हटले आहे: ‘आपण सदर उद्यान परागंदा केल्याचे स्वतः कबूल केले आहे. उद्यान पळविण्यामागील हेतूचा खुलासा सादर करावा. उद्यान जागेवर नसल्याने पाहणीची आवश्यकता राहिलेली नाही.’ पत्र घेऊन अर्जदार आवक लिपिकांकडे गेला. या गृहस्थांना सर्व मजला शिक्केराव या नावाने ओळखतो. अर्जदार म्हणाला, ‘‘साहेब, शब्द चुकला माझा. पण बाग पळेल कशी? तिला काय पाय आहेत?’’ शिक्केरावांनी अर्ज वर-खाली पाहिला आणि विचारले, ‘‘पाय नाहीत, असं तुम्ही अर्जात कुठं लिहिलंय, काका?’’ अर्जदाराने लिहिले नव्हते. ‘‘तुमच्या मागच्या खिडकीतून ते पिवळं दिसतंय ना, तीच बाग,’’ असे अर्जदाराने दाखविले. शिक्केराव न वळता म्हणाले, ‘‘तिकडं माझी पाठ आहे. पाठीनं पाहिलेलं मी प्रमाणित कसं करू?’’ हा मुद्दा बिनतोड होता.

तेथून कागद ‘बेवारस व हरवलेली मालमत्ता’ या टेबलावर गेला. त्या टेबलावर त्या दिवशी अकरा छत्र्या, एक तीन चाकी ढकलगाडी व अर्जदाराची बाग, एवढी प्रकरणे होती. तेथील मॅडम सहृदय आहेत. त्यांनी छापील तक्ता पुढे घेतला आणि विचारू लागल्या, ‘‘रंग?’’ पिवळा. ‘‘उंची?’’ कमरेएवढी. ‘‘शेवटचं कोणी पाहिलं?’’ मी, आज सकाळी, दात घासताना. ‘‘त्या वेळी अंगावर काय होतं?’’ अर्जदाराने सांगितले, फुले. मॅडमनी ‘फुलांचे’ असे लिहिले आणि त्या हळूच म्हणाल्या, ‘‘काका, मला कळतंय हो. पण तक्त्यात ‘पळालेली नाही’ असा रकानाच नाही.’’ साहेब, एवढ्या सर्व प्रकरणात ‘मला कळतंय’ हे शब्द कार्यालयातून निघाल्याचा हा एकमेव प्रसंग असून त्याबद्दल मॅडमना कोणताही त्रास होऊ नये, अशी विनंती आहे.

७. दि. २० ऑक्टोबर रोजी जागेवरील खांबास नोटीस चिकटविण्यात आली. ज्या बागेत उभे राहून ती चिकटविली, ती बाग तेथे नसल्याबद्दलच ती होती. मजकूर असा: ‘सदर परागंदा उद्यानाने आठ दिवसांचे आत ओळखीच्या पुराव्यासह या कार्यालयात समक्ष हजर राहावे. न राहिल्यास जागा रिकामी समजून तेथे दुचाकी वाहनांकरिता सिमेंटचे ठोकळे बसविण्यात येतील.’ अर्जदाराने नोटीस बागेस वाचून दाखविली. बागेने काही हालचाल केली नाही.

प्रथम अर्जदार एक फुललेली फांदी घेऊन हजर झाला. शिक्केराव म्हणाले, ‘‘ही फांदी आहे. उद्यान कुठंय? अंशतः हजेरी चालत नाही.’’ अर्जदाराने विचारले, मग किती आणू? शिक्केराव म्हणाले, ‘‘मुळापासून आणा, म्हणजे वाद नको.’’

८. या परिच्छेदात उपरोध नाही, त्यामुळे तो लहान आहे. दि. २८ रोजी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, अर्जदाराने पहाटे उठून कडेचे एक झाड दोन हात खणून मातीच्या गोळ्यासह काढले. मूळ त्याच्याही खाली गेले होते. ते तुटल्याचा आवाज पत्नीस ऐकू आला, अर्जदारास नाही. झाड बादलीत ठेविले. दहा वाजता रांगेत उभे राहिलो. दुपारी साडेतीन वाजता पुकारा झाला. जिन्याच्या काचेतून ऊन येत होते. पुकारा झाला तेव्हा झाडाने पाने मिटून मान खाली घातली होती. शिक्केरावांनी बादलीत डोकावून पाहिले आणि दप्तरी लिहिले: ‘परागंदा उद्यान समक्ष मिळून आले. पाहणीअंती मयत. प्रकरण बंद.’ अर्जदाराने झाड घरी आणून पाणी घातले. घालू नये हे ठाऊक असून घातले. चौथ्या दिवशी ते आडवे झाले. अर्जदाराने जन्मात एकदाच कार्यालयाचा हुकूम शब्दशः पाळला आणि त्यापायी एक जीव घेतला. आता एकेचाळीस झाडे आहेत.

९. दि. ५ नोव्हेंबर रोजी ठोकळ्यांसाठी मोजमाप घेण्याकरिता आपल्याकडील एक टेपवाले आले. भला मनुष्य होता. टेप धरून तो कमरेएवढ्या फुलांतून चालत गेला, वाटेत भुंग्याला हाताने वाट करून दिली, आणि मधोमध उभा राहून दूरध्वनीवर वरिष्ठांना म्हणाला, ‘‘हो साहेब, जागेवरच उभा आहे. नाही, काही नाही इथं. एकदम मोकळं आहे. नुसती फुलं आहेत.’’ पत्नीने त्यास थंड पाणी दिले व विचारले, ‘‘दादा, तुम्हाला ही झाडं दिसतात ना?’’ तो पाणी पिऊन म्हणाला, ‘‘दिसतात हो वहिनी. पण मला जागा मोजायला पाठवलंय, झाडं मोजायला नाही.’’ काम येत्या सोमवारी, दि. १६ रोजी, सकाळी नऊ वाजता सुरू होईल असे तोच सांगून गेला. वसाहतीत एकूण दुचाकी सहा आहेत. मापावरून तेथे चाळीस बसतील. उरलेल्या चौतीस दुचाकी परागंदा असाव्यात.

१०. याच आठवड्यात अर्जदार स्वतःचा वार्षिक हयातीचा दाखला देण्यासाठी आपल्याच मजल्यावर आला होता. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने दरसाल आपण जिवंत असल्याचे सिद्ध करावे लागते, हे साहेबांस विदित आहेच. अर्जदार म्हणाला, मी समोर उभा आहे की. शिक्केराव म्हणाले, ‘‘मला दिसताय तुम्ही, काका. पण कागदाला दिसत नाही.’’ अर्जदाराने अंगठा टेकवला आणि तो वर्षभरापुरता जिवंत झाला. याच धर्तीवर बागेसही दाखला मिळावा, असा विचार तेव्हा अर्जदाराच्या मनात आला, व विषयाच्या मथळ्याखेरीज अन्य सर्व ठिकाणी तो अर्जदाराने आता सोडून दिला आहे. कारण बाग एकदा मयत दाखविल्यावर तिला हयात दाखविण्यासाठी प्रथम तिच्या मृत्यूची चौकशी करावी लागेल, असे कळते, आणि ती चौकशी पुरी होईपर्यंत बाग हयात राहणार नाही.

११. तूर्त खरी अडचण शेंगांची आहे. झाडांवर शेंगा लगडल्या आहेत, परंतु हिरव्या आहेत. हिरवी शेंग तोडली तर आतील दाणा सुरकुततो. तो पुन्हा रुजत नाही. शेंग तयार झाली की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. ती कानाशी धरून हलवावी लागते. आत दाणे सुटे होऊन वाजू लागले की समजावे, बी पक्व झाले. आता तेहतीस वर्षे पंपाशेजारी बसल्याने अर्जदाराच्या कानांनी केव्हाच निवृत्ती घेतली आहे. मोठा भोंगा ऐकू येतो; शेंगेतला दाणा नाही. त्यामुळे रोज सकाळी पत्नी चहाची कपबशी कठड्यावर ठेवून बागेत उतरते, ओळीने एकेका झाडाशी वाकते, शेंग हलक्या हाताने कानाशी नेते, आणि अर्जदाराकडे पाहून हात आडवा हलविते. म्हणजे अजून नाही. जी बाई तीन वर्षे ‘‘तण, तण’’ म्हणून डोके उठवीत होती, ती आता शेंग तुटेल या भीतीने पदर खोचून, श्वास रोखून उभी असते. काल ती म्हणाली, ‘‘अजून मुक्या आहेत. तीन आठवडे तरी लागतील. तुमच्या साहेबांना सांगा, घाई करू नका म्हणावं.’’ साहेब, माझे साहेब तुम्हीच. म्हणून सांगत आहे.

तीन आठवड्यांनी बी हाती आले, की बाकी सर्व आपल्या इच्छेप्रमाणे होईल. अर्जदार ठोकळ्यांच्या आड येणार नाही, यंत्रापुढे आडवा पडणार नाही, वर्तमानपत्रातही जाणार नाही (तेथील शब्दांचा अनुभव वाईट आहे). बी असल्यास बाग दुसरीकडे होऊ शकते. रेल्वेच्या कुंपणाशी, शाळेच्या मागे, नाल्याच्या काठी, जेथे कोणाचे दप्तर नाही तेथे. परंतु सोमवारी ठोकळे बसले, तर हे झाड या परिसरातून गेले ते गेले. त्या वेळी मात्र दप्तरातील ‘मयत’ हा शब्द अचूक ठरेल, आणि पाठोपाठ ‘परागंदा’ हाही. आपले कार्यालय नेहमी शेवटी बरोबर ठरते, अशी जी कीर्ती आहे, ती अशाच प्रकारे झाली असावी.

१२. आता प्रार्थना.

अर्जदाराने पुष्कळ विचार केला की साहेबांकडे काय मागावे. शब्द दुरुस्त करा म्हणावे, तर त्यासाठी दुरुस्तीचा नमुना भरावा लागतो आणि तो संपला आहे. येऊन पाहा म्हणावे, तर बाग मयत असल्याने तिची पाहणी नियमात बसत नाही. आदेश रद्द करा म्हणावे, तर ज्यांनी सही केली त्यांच्याकडेच जावे लागेल, आणि सही आपली आहे. न्याय मागावा, एवढी अर्जदाराची लायकी नाही. दया मागावी, तर ती कोणत्या टेबलावर मिळते याचा फलक लावलेला नाही.

तेव्हा अर्जदार कार्यालयाकडे तेवढेच मागतो, जे कार्यालय आजवर सर्वांना न मागता देत आले आहे. पंपघराचा फुटका दरवाजा बदलून मिळावा म्हणून अर्जदाराने अर्ज केला होता. तो अकरा वर्षांनी मंजूर झाला, तेव्हा पंपघर पाडून दोन वर्षे झाली होती. दरवाजा मात्र वेळेवर आला व आजही मोकळ्या मैदानात उभा आहे. अशी परंपरा असणाऱ्या कार्यालयाने एका बागेच्या बाबतीत पत्र, नोटीस, मृत्यू आणि ठोकळे एवढे सगळे सव्वा महिन्यात उरकावे, हे त्याच्या लौकिकास शोभणारे नाही. घाईत कामे बिघडतात. सर्वांच्या प्रकृतीवर परिणाम होतो.

सबब नम्र विनंती की, सोमवारच्या कामाचा आदेश व प्रस्तुत अर्ज हे दोन्ही कागद टाचणीने एकत्र जोडावेत आणि त्यांवर आपल्या हस्ताक्षरात ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ एवढे तीन शब्द लिहून ते पुढील टेबलाकडे पाठवावेत. त्या टेबलाने ते अभिप्रायासाठी त्याच्या पुढील टेबलाकडे पाठवावेत. असे करता करता ते एखाद्या कपाटावर, जुन्या गठ्ठ्याखाली, सुखरूप विसावावेत. ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ निघालेला कागद एकवीस दिवसांच्या आत परत आल्याचे या कार्यालयाच्या इतिहासात उदाहरण नाही, हे अर्जदाराने मुद्दाम जुन्या सहकाऱ्यांकडे चौकशी करून खात्री केली आहे. आपण नियम मोडू नये, कोणावर मेहेरबानी करू नये, जागेवरून उठूही नये. केवळ आपला नेहमीचा वेग कायम ठेवावा.

तेवढ्यात शेंगा तयार होतील.

सोबत:
१) आपल्या पत्राची प्रत.
२) बागेचे छायाचित्र एक. (पाठीने पाहू नये.)
३) अर्जदाराच्या ओळखपत्राची प्रत, ज्यावर त्याचे पूर्ण नाव आहे व जे नाव वसाहतीत कोणासही ठाऊक नाही.
४) टाचण्या, नग दोन. एक वाकल्यास दुसरी वापरावी.

हा अर्ज ज्या ज्या टेबलावरून सावकाश जाईल, तेथील सर्व वाचकांचे, त्यांनी तो वाक्याच्या मध्यापर्यंत वाचला असो वा शेवटपर्यंत, अंतःकरणपूर्वक आभार.

दिनांक: १२ नोव्हेंबर, गुरुवार

आपला नम्र,
(सही)
पंपवाले काका